तांबोळीकाका आणि ठराव क्रमांक सात

रविवार, १९ जानेवारी. सकाळी साडेदहा. स्थळ : आमच्या सोसायटीचं पार्किंग, हडपसर. उपस्थित : चेअरमन श्री. मगर, बी विंगच्या निमकरबाई, मला सोडून एकूण सभासद एकतीस, त्यांपैकी चहा येईपर्यंत टिकलेले बावीस, श्री. यासीन तांबोळी, बी-२०३, नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत. आणि मी, सचिव वैशाली जगताप, रजिस्टर व दोन पेनांसह.

विषय क्रमांक तीन चालू होता. लिफ्टची दुरुस्ती. मगरसाहेब लिफ्टवाल्याच्या नावाने ओरडत होते आणि ओरडण्याच्या ऐन भरात असताना तांबोळीकाका खुर्चीतून उठले, दोन पावलं पुढे गेले, कमरेत वाकले आणि चेअरमनच्या तोंडात पाहत म्हणाले, "साहेब, असंच थांबा. मिटू नका."

मगरसाहेब खरंच थांबले. तोंड उघडं, बोट वर.

"वरची, डावीकडची. हिरडी सुजलीय. ब्रश करताना रक्त येतं का?"

"अहो तांबोळी, लिफ्टचं बोलतोय मी!"

"लिफ्टचा माणूस फोन केला की येतो. उशिरा येतो, पण येतो. हिरडी गेली की कुणाला फोन करणार?"

पुण्यात नव्या माणसाला 'कुठले तुम्ही' असं विचारतात. तांबोळीकाका 'रक्त येतं का' असं विचारतात. वॉचमनला, गॅसवाल्याला, भाडेकरू म्हणून आलेल्या आयटीतल्या पोरांना, पहिल्या भेटीत नवरीला. बेचाळीस वर्षं त्यांनी नारायण पेठेतल्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. डेंटिस्टकडून तोंडाचा साचा यायचा, त्यावरून काका मेणाच्या हिरड्या करायचे, दात लावायचे, गुलाबी अ‍ॅक्रिलिक ओतायचे. गिऱ्हाईक त्यांना कधी दिसायचं नाही. फक्त तोंड यायचं, प्लास्टरचं, डब्यात घालून. त्यामुळे माणसाला तोंडावरून ओळखायचं ही त्यांची सवय, आणि तोंड म्हणजे चेहरा नव्हे. ए-३०४ म्हटलं तर त्यांना कळत नाही. "ते पुढच्या दोन दातांत फट असलेले का?" म्हणतात, आणि ते बरोबर असतं.

"आमचे आजोबा पान विकायचे," ते सांगतात. "लोकांचे दात घालवायचे. मी बसवतो. तांबोळ्यांचं गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या तेच."

त्यांच्या वरच्या खिशात एक छोटा टॉर्च असतो. सकाळी कचऱ्याची गाडी आली की ते गेटजवळ उभे राहतात आणि सुक्या कचऱ्यात ब्रश किती आले ते बघतात. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठून माहिती दिली, "ताई, सी विंगमधून आठ महिन्यांत एकही ब्रश पडलेला नाही. ही मंडळी घासतात कशाने? की वारसाहक्काने चालू आहे?" कुणाच्या बाल्कनीत केस फिसकटलेला ब्रश दिसला की खालून हाक मारायचे, "तो आता बूट पुसायला घ्या! बुटाला हिरडी नसते!" ईदला त्यांच्याकडून सगळ्या मजल्यांवर शीरखुर्म्याचे डबे जातात, प्रत्येक डब्यावर रबराने एक नवा ब्रश बांधलेला. गेल्या वर्षी निमकरबाईंनी भाचीसाठी आलेलं स्थळ कौतुकाने दाखवलं. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि परत दिला. "मुलगा सज्जन दिसतो. पण हसताना खालची हिरडी मागे सरकलीय. पस्तिशीत दात हलतील. विचार करा." निमकरबाईंनी विचार केला आणि माझ्याकडे लेखी तक्रार केली.

तक्रारींची फाइल माझ्याकडे आहे. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, सोसायटीच्या कामांची यादी, घरच्या कामांची यादी, आणि कुठली यादी कुठल्या वहीत आहे त्याची यादी. 'तांबोळी – तोंड' या मथळ्याखाली अकरा अर्ज होते. बहुतेकांत मजकूर एकच : जिन्यात कठडा धरून चढताना थांबलो असता श्री. तांबोळी यांनी "गुडघा नंतर बघू, आधी तोंड उघडा" असे उद्गार काढले.

कारण काकांचा खरा विषय हिरड्यांपाशी थांबायचा नाही. तो तिथून सांध्यांत जायचा. हिरडीचा आजार असलेल्यांत आमवात जास्त दिसतो, आमवात असलेल्यांत हिरडीचा आजार जास्त दिसतो, हे त्यांनी कुठल्या तरी डॉक्टरांना इतक्यांदा विचारून घेतलं होतं की ते डॉक्टर आता त्यांना वेळ देत नाहीत, असं तेच सांगायचे. एकदा मी सोसायटीच्या ऑफिसात बिलं लावत बसले होते तेव्हा त्यांनी मला सगळं समजावलं.

"मगरसाहेबांनी मिशी काढली तेव्हा आठवतं? आपल्या वॉचमनने त्यांनाच गेटवर अडवलं. कोण पाहिजे, कुणाकडे चाललात, सही करा."

"आठवतं. चेअरमननी त्याचा पगार कापायचा अर्ज दिला होता."

"तसंच. सुजलेल्या हिरडीत जे जंतू राहतात ना, त्यातले काही न्हावी असतात. आपल्याच शरीरातल्या प्रथिनांची मिशी काढतात. मग आपले वॉचमन म्हणतात, हा कोण? हा आपला नाही! आणि जो सापडेल त्याला बडवत सुटतात. सांध्यात जाऊन बडवतात. घरचाच माणूस, घरचाच वॉचमन, आणि मार बोटांना."

"म्हणजे ब्रश केला की आमवात होत नाही?"

"असं कुठं म्हटलं मी?" ते चिडले. "आमवाताला कारणं दहा. घराण्यातून येतो, तंबाखूने येतो, काही न करता येतो. गोळ्या सोडायच्या नाहीत. मी म्हणतो, दहातलं एक दार जर आपल्या तोंडात असेल, आणि ते पाच रुपयांच्या कडीने लागत असेल, तर लावा ना! उघडं कशाला टाकता?"

मी हसले, आणि हसताना तोंडावर हात ठेवला. मला वाटतं, त्यांनी तेव्हाच पाहिलं असणार.

आता मला पुढचं लिहायला हवं. इतिवृत्तात मी ते लिहिलेलं नाही.

गेलं वर्षभर माझ्या बेसिनमध्ये फेस गुलाबी यायचा. माझ्या घरच्या यादीत 'डेंटिस्ट' हा शब्द चौदा महिने एका पानावरून पुढच्या पानावर उतरत होता. शेजारी टिकमार्क नाही. आणि दिवाळीनंतर सकाळी माझी बोटं उघडेनाशी झाली होती. तासभर गरम पाण्यात धरली की हळूहळू वळायची. अंगठी काढून कपाटात ठेवली. पोळ्या बाहेरून आणायला लागले आणि घरी सांगितलं की सोसायटीच्या कामांमुळे वेळ मिळत नाही. ह्यांना खरं वाटलं. कारण सोसायटीचं काम खरंच खूप होतं. ही गोष्ट मी कुठल्याच यादीत लिहिली नव्हती.

त्या रविवारी मगरसाहेबांची हिरडी आटोपल्यावर सभेत हशा झाला. मी पाण्याची बाटली घेतली, झाकण फिरेना, म्हणून शेजारच्या निमकरबाईंकडे सहज पुढे केली. तांबोळीकाका अजून उभेच होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"ताई, सकाळी बोटं उघडायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाच्या वर?"



"काका, विषय तीन चालू आहे," मी म्हटलं.

"दोन्ही हातांना आहे का? सारख्याच बोटांना? आणि रक्त येतं ना? तुम्ही तोंडावर हात ठेवून हसता. तोंड उघडा बघू जरा." आणि त्यांनी खिशातला टॉर्च काढला.

एकतीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझे यजमान मागच्या रांगेत होते. पुढचं वाक्य मी विचार करून बोलले असं म्हणवत नाही आणि विचार न करता बोलले असंही म्हणवत नाही.

"दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यापेक्षा स्वतःच्या घरात बघा काका. तुमच्या बायकोला आठ महिन्यांत आम्ही कुणी खाली पाहिलेलं नाही. त्यांचं तोंड तरी कुणाला दिसू देता का तुम्ही?"

या वाक्याचा काय अर्थ निघतो ते मला बोलतानाच कळलं होतं. एकतीस जणांनाही कळला. कुणी तरी मागे हसलंसुद्धा. एका मुसलमान घरातली बाई खाली दिसत नाही, याचं कारण आम्ही सगळ्यांनी न बोलता एकच धरलेलं होतं, आणि ते मी माईकशिवाय, स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलून टाकलं. तांबोळींची ही तिसरी पिढी पुण्यात. माझी पहिली.

काकांनी टॉर्च खिशात ठेवला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि खुर्चीत बसले.

मी तिथेच थांबले असते तर निदान ते रागाच्या भरात गेलं, असं म्हणता आलं असतं. पण मी व्यवस्थित बाई. मी रजिस्टर उघडलं आणि आयत्या वेळच्या विषयांत लिहायला घेतलं. ठराव क्रमांक सात : कोणत्याही सभासदाने अन्य सभासदास त्याचे दात, हिरड्या अथवा तोंडातील अन्य भाग यांविषयी विचारणा करू नये. सूचक निमकरबाई. अनुमोदक चेअरमन, डाव्या गालावर हात ठेवून. मी हात मोजले. तीस.

"एकाचा कमी पडतोय," काका पहिल्या रांगेतून म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. "लिहा ताई, एकमताने. नाहीतर तुमची नोंद बिघडेल."

मी 'एकमताने' लिहिलं.

मंगळवारी सकाळी आठला मी ठरावाची प्रत घेऊन बी-२०३ वर गेले. संबंधित सभासदाला प्रत द्यायची आणि पोच म्हणून सही घ्यायची, अशी आमची पद्धत आहे. ती मीच घालून दिलेली. दोन जिने चढले. आठ महिने लिफ्ट बंद असल्याने माझे गुडघेही कुरकुरत होते. दार लोटलेलं होतं.

"या, या, हात ओले आहेत, आलोच!" आतून काकांचा आवाज आला.

दारातून बेसिन दिसत होतं. बेसिनसमोर खुर्ची, खुर्चीत शमीमभाभी, गळ्याभोवती टॉवेल. काका त्यांच्यासमोर वाकून त्यांचे दात घासत होते. एक हात हनुवटीखाली, दुसऱ्यात ब्रश. तोंडाने मोजणी.

"वरचे उजवे झाले. आता आतली बाजू. जीभ बाजूला घ्या."

"भिंत रंगवताय का?" भाभी तोंडातल्या फेसातून म्हणाल्या. "दुसरा हात मारू नका, एकच पुरे."

"बोलू नका, थुंका."

भाभी थुंकल्या. काकांनी टॉर्च काढून बेसिनमध्ये पाहिलं. "पांढरं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू भाभींचा निकाल लागला आणि त्या पहिल्या आल्या.

भाभींचे हात मांडीवर होते. बोटं बाहेरच्या बाजूला कलंडलेली, मुठी अर्ध्या मिटलेल्या, सांधे फुगलेले. त्या हातांनी ब्रश धरता येणार नव्हता. जिन्याचा कठडा धरता येणार नव्हता. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून खाली येता येणार नव्हतं. काका दर सभेला पहिल्या रांगेत का बसतात, हे मला त्या क्षणी कळलं. ते लिफ्टच्या विषयासाठी येत होते. लिफ्टचा पाठपुरावा करणं हे सचिवाचं काम आहे. माझ्या यादीत ते तेविसाव्या क्रमांकावर होतं.

खिडकीत ओळीने काही गुलाबी वस्तू मांडलेल्या होत्या. हिरडीच्या रंगाच्या. मला आधी कवळ्या वाटल्या. जवळून पाहिलं तर त्या मुठी होत्या. म्हणजे मुठीत धरायचे दांडे, आत ब्रश घालायला भोक, आणि वर पाच बोटांच्या खाचा.

"त्या हिच्या आहेत," काका हात पुसत म्हणाले. "साच्याचं सामान घरात होतंच. हाताचा साचा घ्यायचा, त्यावर दांडा ओतायचा. कवळीसारखंच, नुसतं दात नाहीत. मूठ बदलली की नवा."

डावीकडचा पहिला बारीक होता, नेहमीच्या ब्रशपेक्षा थोडा जाड. पुढचे जाड होत गेलेले, खाचा उथळ होत गेलेल्या, वाकड्या होत गेलेल्या. नऊ होते. नवव्यावर खाचा जवळजवळ नव्हत्या.

"दहावा केला नाही," भाभी म्हणाल्या. "दहावे हेच." आणि त्यांनी मानेने काकांकडे दाखवलं.

काका स्टुलावर बसले. माझ्या हातातला कागद त्यांना दिसत होता. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

"बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं माझ्या टेबलावर," ते म्हणाले. "हिच्या तोंडात मी पाहिलंच नाही. ही म्हणायची, घासताना लाल येतं. मी म्हणायचो, जोरात घासतेस. मग बोटं दुखायला लागली. मी म्हणायचो, धुणं कमी कर. दोन्ही एकत्र कुणी पाहिलंच नाही, ताई. घरात तोंडाचा माणूस असून."

"डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला, त्याने झालं असं नाही," भाभी म्हणाल्या.

"त्यांनी तसं सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा हिरड्या बघितल्या असत्या तर हात वाचले असते का? ते म्हणाले, सांगता येत नाही." काकांनी चष्मा वर सरकवला. "'नाही' म्हणाले असते तर मी गप्प बसलो असतो. 'हो' म्हणाले असते तरी एकदाचं रडून झालं असतं. 'सांगता येत नाही' म्हणाले. मग मी विचारत सुटलो. ज्याला त्याला."

अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही माणसाने तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला असता. मी तो पुढे केला. का केला, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. हातात कागद होता, कागदावर सहीची जागा होती, आणि रिकामी जागा मला बघवत नाही, एवढंच उत्तर मिळतं. काकांनी वाचला. 'तोंडातील अन्य भाग' इथे थांबले. "जिभेचाही समावेश केलात. चांगलं केलं," म्हणाले. आणि स्वच्छ अक्षरात सही करून दिली.

त्या दिवसापासून त्यांनी ठराव पाळला. सोसायटीत इतर कुठलाही ठराव कुणी इतका पाळलेला नाही. समोर कुणी आलं की "नमस्कार" म्हणून काका बुटांकडे बघत निघून जायचे. कचऱ्याच्या गाडीजवळ उभं राहणं बंद झालं. ईदला शीरखुर्मा आला, डब्यावर ब्रश नव्हता. नुसतं रबर होतं. मगरसाहेब गुपचूप डेंटिस्टकडे जाऊन आले. त्यांच्या डाव्या वरच्या हिरडीत खरंच पू होता. हे सांगायला ते बी-२०३ वर गेले तर काका म्हणाले, "ऐकता येणार नाही साहेब, विषय तोंडाचा आहे." निमकरबाई जिन्यात मला म्हणाल्या, "हल्ली काहीच विचारत नाहीत हो ते. कसंतरीच वाटतं. बरे आहेत ना?" त्यांची सूचक म्हणून सही आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

लिफ्ट मी नऊ दिवसांत चालू करून घेतली. रोज तीन फोन, दोन पत्रं, एकदा लिफ्टवाल्याच्या ऑफिसात दुपारभर ठाण. ती आठ महिन्यांपूर्वीही नऊ दिवसांत होऊ शकत होती.

मार्चमध्ये माझ्या मनगटालाही सूज आली आणि मी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण बाई होत्या. त्यांनी बोटं एकेक दाबून पाहिली, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "ब्रश करताना रक्त येतं का?"

"काय?" मी म्हटलं. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्या समजावून सांगायला लागल्या. त्यांच्या सांगण्यात मिशी नव्हती, बाकी सगळं तेच होतं. शेवटी म्हणाल्या, "यानेच झालं असं मी म्हणत नाही हं. पण हिरड्या साफ करून घ्या. लवकर आलात ते बरं झालं. बोटं अजून सरळ आहेत."

लवकर आले नव्हते. जानेवारीत मला कुणी तरी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. मी त्याच्याविरुद्ध ठराव केला होता.

आमवात निघाला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. डेंटिस्टने चार फेऱ्यांत हिरड्यांखालचं कीटण काढलं. घरी सगळं सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पोळ्यांचं कारण हे होतं?" आणि दुसऱ्या दिवसापासून कणीक भिजवायला लागले.

मग मी माफी मागायला बी-२०३ वर गेले. बोलायचं काय ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, चार मुद्दे. काका बाजारात गेलेले होते. भाभी होत्या. मी तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी तो वाकडा हात वर केला.

"जगतापताई, इथं नका. इथं मी एकटीच आहे, आणि तुम्ही बोललात तेव्हा मी नव्हते. खाली बोललात ना? चारचौघांत? मग खालीच."

"आणि ठराव?"

"तो पण खालीच झाला होता." मग जरा हसून म्हणाल्या, "चहा करून घ्या. दोन कप. माझ्यात साखर कमी."

एप्रिलच्या एका सकाळी आमच्या दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली सापडली. आत गुलाबी दांडा होता, बारीक, खाचा खोल. सोबत रजिस्टरच्या कागदाच्या मापाची चिठ्ठी : 'विचारणा नाही. वस्तू आहे. माप अंदाजे घेतले. – यासीन तांबोळी, बी-२०३.'

मी तो मुठीत धरला. अंगठ्याची खाच किंचित वर होती, बाकी अचूक. माझ्या हाताचं माप त्यांनी कधी घेतलं? मी पोच घेण्यासाठी पेन पुढे केलं, तेव्हाच घेतलं असणार. रोज सकाळी तो हातात धरला की मला तीच सही आठवते.

जूनमध्ये सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिका मीच काढली. विषय क्रमांक पाच : ठराव क्रमांक सात रद्द करणे, व सचिवांचे निवेदन. निवेदन लिहून तयार होतं. मी अमुक बोलले, ते खोटं होतं आणि घाणेरडं होतं. भाभी लिफ्टमुळे खाली येऊ शकत नव्हत्या आणि लिफ्ट माझ्यामुळे बंद होती. काकांनी विचारलं ते खरं होतं, माझ्या हिरड्यांतून तेव्हा रक्त येत होतं. सगळं मिळून अर्धं पान.

काका त्या दिवशी चौथ्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी भाभी. लिफ्टने उतरून, नवी शाल घेऊन, पहिल्यांदा सभेला आलेल्या. त्या कशासाठी आल्या होत्या ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

विषय एक झाला. दोन, तीन झाले. चौथ्यात पाण्याच्या टँकरवर भांडण झालं आणि मिटलं. मगरसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "विषय पाच. बोला, सचिव."

मी उभी राहिले. पस्तीस माणसं होती. कागद हातात होता. मला माझाच आवाज ऐकू आला. "विषय पाच वेळेअभावी पुढील सभेत घेण्यात येईल."

सव्वाअकरा वाजले होते. चहासुद्धा आला नव्हता.

 भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांना म्हणाल्या, "चला." काकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. लिफ्टपर्यंत जाताना ते माझ्या टेबलाजवळून गेले आणि जरा थांबले. त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली, मग तोंडाकडे. ओठ हलले. विचारणार, असं मला वाटलं. विचारावं, असंही वाटलं. त्यांनी विचारलं असतं तर मी सगळ्यांदेखत उत्तर दिलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण त्यांनी नुसतं "नमस्कार" म्हटलं.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिका आज संध्याकाळपर्यंत फलकावर लागायला हवी. छापून झाली आहे, दोन प्रती, तिन्ही विंगांसाठी आणखी एक काढायची आहे. त्यात विषय क्रमांक पाच नाही. चारनंतर एकदम सहा आहे. मगरसाहेबांनी सकाळीच फोन करून विचारलं, "टायपिंगची चूक का हो, ताई?" मी म्हटलं, बघते. अजून बघितलेलं नाही.